जुन्या संगणकांच्या जतनात रॉमची नोंदही हवी

प्रति,
संपादक,

विषय : जुन्या संगणकांतील फर्मवेअरचे जतन

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या संगणकांच्या जतनावर प्रसिद्ध झालेला लेख आस्थेने लिहिलेला होता, त्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत. पिवळे पडलेले प्लास्टिक कसे हाताळावे, फ्लॉपी आणि कॅसेटवरील फाइली वेळीच नव्या साधनांवर का उतरवून घ्याव्यात, छापील माहितीपुस्तिका कशा सांभाळाव्यात, ही लेखातील चर्चा उपयुक्त आहे. परंतु संपूर्ण लेखात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे दोनच भाग मानले गेले. या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या, यंत्रातल्याच चिपमध्ये (बहुधा रॉममध्ये, म्हणजे केवळ वाचता येणाऱ्या मेमरीत) भरून ठेवलेल्या आज्ञावलीचा, म्हणजेच फर्मवेअरचा, एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. ही केवळ तपशिलाची उणीव असती तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. लेखातील सल्ला जसाच्या तसा पाळला तर यंत्र राहील, फ्लॉपीवरच्या फाइलीही राहतील, आणि तरीही एक दिवस ते यंत्र सुरू होणार नाही व ते का सुरू होत नाही हे सांगणारी कोणतीही नोंद मागे उरलेली नसेल.

प्रोसेसरला वीज मिळाली की तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे जी आज्ञा सापडेल ती पाळू लागतो. त्या पत्त्यावर काहीतरी अर्थपूर्ण ठेवलेले असणे ही यंत्र बनवणाऱ्याची जबाबदारी असते. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ हा प्रोसेसर आपल्या एक मेगाबाइटच्या पत्त्यांपैकी अगदी शेवटच्या १६ बाइटांच्या तोंडाशी पहिली आज्ञा शोधतो. तिथून बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीचे, काम सुरू होते. मेमरी तपासायची, कीबोर्ड आणि पडदा जागेवर आहेत का ते पाहायचे, बिघाड आढळल्यास त्याचा क्रमांक दाखवायचा (मेमरीसाठी २०१ आणि कीबोर्डसाठी ३०१ हे आकडे दुरुस्ती करणाऱ्यांना तोंडपाठ असत), आणि सर्व ठीक असल्यास डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवायचा व पुढची सूत्रे त्याच्या हाती द्यायची, असा हा क्रम आहे. ऑपरेटिंग सिस्टिम येते ती यानंतर. लेखात ज्या फ्लॉपी जपण्याचा आग्रह धरला आहे, त्या वाचणारा पहिला वाचक ही रॉममधली आज्ञावली आहे.

संगणक सुरू कसा करायचा ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये चालू झालेल्या एडसॅक या यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांचा एक संच लिहिला. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर तारा जोडून पक्का केलेला होता. सुरुवातीचे बटण दाबले की तो मेमरीत उतरे आणि कागदी फितीवरचा प्रोग्राम वाचू लागे. पीडीपी-११ या संगणकासाठी डायोडांचे एक कार्ड मिळत असे, ज्यावर डायोड ठेवणे किंवा कापणे यावरून बिट ठरत असे. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील संगणकाची ३६,८६४ शब्दांची स्थिर मेमरी चुंबकीय कड्यांमधून तारा ओवून विणलेली होती. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. आणि १९७५ च्या अल्टेअर ८८०० च्या मूळ संचात तर रॉमच नव्हती. मालकाने दर्शनी पट्टीवरचे स्विच वरखाली करून वीसेक बाइटांची सुरुवातीची आज्ञावली दर वेळी हाताने भरायची आणि मगच फितीवरची बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा वाचायला घ्यायची, असा प्रकार होता. जतनाच्या दृष्टीने या जुन्या पद्धतींचा एक मोठा गुण असा की त्यांतील आज्ञावली डोळ्यांना दिसते. डायोडांच्या कार्डाचे स्वच्छ छायाचित्र घेतले तरी त्यातून बिट वाचता येतात. काळ्या आवरणातल्या चिपचे कितीही छायाचित्र घेतले तरी तिच्यात काय आहे हे कळत नाही, आणि संग्रहांच्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा तेवढेच छायाचित्र असते.

लेखात फ्लॉपीवर बराच मजकूर आहे, म्हणून एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. फ्लॉपीचा जन्मच मुळी फर्मवेअरसाठी झाला. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली तेव्हा लहान-मोठ्या यंत्रांना एकच आज्ञासंच देण्याची किमया मुख्यतः मायक्रोकोडने साधली होती. प्रोसेसरच्या प्रत्येक आज्ञेमागे आणखी सूक्ष्म आज्ञांची मालिका असते आणि ती स्वतंत्र मेमरीत ठेवता येते, ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्येच मांडली होती. मॉडेल ३० मध्ये हा मायक्रोकोड पंचकार्डाच्या आकाराच्या मायलर पत्र्यांवर असे. पुढे सिस्टिम/३७० मध्ये तो बदलता येण्याजोग्या मेमरीत गेला. वीज गेली की ती मेमरी रिकामी होई, म्हणून मायक्रोकोड पुन्हा भरण्यासाठी स्वस्त, टपालाने पाठवता येण्याजोगे साधन हवे होते. १९७१ मध्ये आलेली, सुमारे ८० किलोबाइट सामावणारी, फक्त वाचता येणारी आठ इंची चकती ती हीच. अशा यंत्राचे कपाट जपले आणि ती चकती हरवली, तर त्या यंत्राला स्वतःच्या मूलभूत आज्ञाही ठाऊक नसतात.

वैयक्तिक संगणकांकडे आल्यावर हा विषय अधिक नाजूक होतो, कारण बाहेरून एकसारखी दिसणारी यंत्रे आतून वेगळी असतात. आयबीएम पीसीमध्ये एकूण ४० किलोबाइट रॉम होती : आठ किलोबाइट बायोस आणि ३२ किलोबाइट कॅसेट बेसिक. या बायोसच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीची तारीख रॉमच्या शेवटच्या १६ बाइटांतच अक्षरांत लिहिलेली आहे : २४ एप्रिल १९८१, १९ ऑक्टोबर १९८१ आणि २७ ऑक्टोबर १९८२. पहिल्या दोन आवृत्त्यांना ५४४ किलोबाइटच्या पलीकडची मेमरी दिसत नाही. तिसरीत ती मर्यादा ६४० वर गेली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विस्तारकार्डावरची रॉम शोधण्याची सोय आली. बायोस ठरावीक पत्त्यांची पाहणी करतो. तिथे ८५ आणि १७० हे दोन बाइट ओळीने सापडले, तिसऱ्या बाइटने सांगितलेल्या लांबीपर्यंतच्या सर्व बाइटांची बेरीज २५६ ने भागली असता बाकी शून्य उरली, की ती रॉम खरी मानून तिच्याकडे काम सोपवले जाते. हार्ड डिस्कचे नियंत्रक कार्ड याच मार्गाने आपली ओळख करून देते. तेव्हा एखाद्या संग्रहातल्या पीसीला जुनी हार्ड डिस्क जोडली आणि ती सुरू झाली नाही, तर दोष डिस्कमध्ये असेल, कार्डात असेल, किंवा कशातच नसून बायोस १९८१ चा असेल. रॉमची तारीख नोंदवलेली असती तर हा प्रश्न यंत्राला हात न लावता सुटला असता. मी जुनी यंत्रे हौसेने दुरुस्त करतो, आणि माझा अनुभव असा की अशा यंत्रांच्या बाबतीत बराच वेळ दुरुस्तीपेक्षा नेमके काय समोर आहे हे ठरवण्यातच जातो.

लेखातील ज्या एका सल्ल्याशी मी स्पष्टपणे असहमत आहे, तो म्हणजे 'फ्लॉपीवरील सर्व फाइलींची नक्कल करून घ्यावी म्हणजे पुरे'. सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवली तेव्हा तिचे त्यांनी तीन भाग केले. वापरणाऱ्याच्या आज्ञा घेणारा एक, फाइलींचा कारभार पाहणारा दुसरा, आणि प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा तिसरा. या तिसऱ्या भागाला त्यांनी बायोस हे नाव दिले. पहिले दोन भाग सगळ्या यंत्रांवर तेच. तिसरा मात्र प्रत्येक उत्पादकाने आपापल्या यंत्रासाठी वेगळा लिहायचा होता, आणि याच सोयीमुळे सीपी/एम इतक्या वेगवेगळ्या यंत्रांवर पोहोचली. आता गंमत अशी की हा भाग डिस्कच्या सुरुवातीच्या राखीव ट्रॅकवर असतो, त्याची फाइल नसते आणि सूचीत त्याचे नाव दिसत नाही. सगळ्या फाइलींची नक्कल करणाऱ्याने प्रत्येक यंत्रावर सारखेच चालणारे प्रोग्राम वाचवलेले असतात आणि त्या एकाच यंत्रासाठी लिहिलेला, दुसरीकडे कुठेही न मिळणारा भाग मागे टाकलेला असतो. संपूर्ण डिस्कची ट्रॅकनिहाय प्रतिमा घेणे हा यावरचा उपाय आहे आणि तो अवघड नाही. पण तसे करायला हवे हे आधी ठाऊक असावे लागते.

फर्मवेअर केवळ मुख्य पेटीत असते हा समजही सोडावा लागेल. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये २० किलोबाइट रॉम आहे : बेसिकसाठी आठ, यंत्राचा मूलभूत कारभार पाहणाऱ्या कर्नलसाठी आठ आणि पडद्यावरच्या अक्षरांच्या आकृत्यांसाठी चार. त्याला जोडायचा १५४१ हा डिस्क ड्राइव्ह मात्र स्वतःच एक संगणक आहे. त्यात वेगळा ६५०२ प्रोसेसर, दोन किलोबाइट मेमरी आणि १६ किलोबाइट रॉम आहे. हा ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ३००-४०० बाइट पाठवी. ज्यांनी दोन्ही बाजूंच्या रॉम वाचून समजून घेतल्या त्यांनी त्याच तारेवरून कितीतरी पट वेगाने माहिती नेणारे प्रोग्राम लिहिले, आणि ते प्रोग्राम रॉममधल्या नेमक्या पत्त्यांवर विसंबून असल्यामुळे रॉमची आवृत्ती बदलली की अडखळू शकतात. १९८४ च्या मॅकिंटॉशची ६४ किलोबाइट रॉम तर निम्मी ऑपरेटिंग सिस्टिमच होती, कारण खिडक्या, मेनू आणि रेखाचित्रे काढणारी कार्यपद्धती त्यातच होती. तिच्यात राहिलेले दोष डिस्कवरच्या सिस्टिम फाइलमधून, मेमरीतला पत्त्यांचा तक्ता बदलून, दुरुस्त केले जात. म्हणजे अमुक रॉम आणि तमुक सिस्टिम ही जोडी म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. उलट टोक १९८५ च्या अमिगा १००० चे : त्याची किकस्टार्ट ही मूळ आज्ञावली रॉमसाठी वेळेत पक्की झाली नाही, म्हणून ती फ्लॉपीवर दिली गेली आणि वीज दिल्यावर २५६ किलोबाइटच्या खास मेमरीत चढवली जाई. या यंत्राबाबत फर्मवेअर खरोखरच फ्लॉपीच्या डब्यात असते, तेव्हा ती एक फ्लॉपी इतर फ्लॉपींसारखी मानता येत नाही.

आता हे सारे टिकते किती, याकडे वळतो. रॉम म्हणजे कायमची, असा समज असल्यामुळेच बहुधा लेखात ती वगळली गेली असावी. कारखान्यातच साच्यातून घडलेल्या रॉममध्ये बिट रचनेचाच भाग असतात, ते विरून जात नाहीत, तरी ओलाव्याने आणि उष्णतेने चिप निकामी होतेच. फ्यूज जाळून एकदाच भरता येणाऱ्या प्रॉममध्ये नायक्रोमचा वितळवलेला फ्यूज कालांतराने पुन्हा जुळून येण्याचे प्रकार माहीत आहेत. सर्वांत नाजूक आहे ती पुसून पुन्हा भरता येणारी ईप्रॉम. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती शोधली. पहिल्या १७०२ या चिपमध्ये केवळ २५६ बाइट मावत. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे चोहोबाजूंनी वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्म फाटकावर अडकवलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत अधिक वेगाने झिरपतो. पुसण्यासाठी चिपवर क्वार्ट्झची खिडकी ठेवलेली असते आणि त्या खिडकीवर चिकटपट्टी लावून ठेवणे हे शोभेसाठी नसते. इंटेलच्या तांत्रिक पत्रकांतच म्हटले होते की खोलीतल्या ट्यूबलाइटच्या सततच्या प्रकाशात अशी चिप सुमारे तीन वर्षांत आणि थेट सूर्यप्रकाशात सुमारे आठवड्याभरात पुसली जाऊ शकते. प्रदर्शनात यंत्राचे झाकण काढून, अंतरंग दिसावे म्हणून वरून दिवे सोडलेले असतात, आणि जुन्या चिकटपट्ट्या 'स्वच्छतेसाठी' काढून टाकलेल्या असतात. प्रेक्षकांना ते आवडत असेल, पण असे प्रदर्शन मांडणाऱ्यांनी आधी त्या चिप वाचून घेतल्या आहेत का, एवढे तरी विचारायला हवे.

बॅटरीचा धोका याहून उघड आहे. अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी थेट डाख देऊन बसवलेली असते. ती फुटली की तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. ही बाब जाणकारांना परिचित आहे आणि ती बॅटरी काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्यच आहे, फक्त एक खबरदारी घेऊन. १९८४ च्या आयबीएम एटीपासून यंत्राची मांडणी घड्याळाच्या चिपमधल्या ६४ बाइटांत, बॅटरीच्या आधाराने ठेवली जाऊ लागली. हार्ड डिस्कचा प्रकार रॉममधल्या तक्त्यात आणि त्या तक्त्यातला क्रमांक या बाइटांत, अशी ती रचना आहे. क्रमांक लिहून न घेता बॅटरी काढली तर धडधाकट डिस्कही यंत्राला ओळखता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनांत नेटवर्क पत्ता आणि यंत्राचा ओळखक्रमांक हेही अशाच, बॅटरी आत बंद केलेल्या चिपमध्ये असत. ती बॅटरी संपली की दोन्ही जातात. तेव्हा आधी नोंद घ्यावी आणि मगच पक्कड उचलावी.

मूळ यंत्राला हात लावू नये, चिप सॉकेटमधून काढणे हाच मुळी मूळपणाला धक्का आहे, असे मानणारे संग्राहक आहेत आणि त्यांची भीती निराधार नाही. चाळीस वर्षे एका जागी बसलेल्या चिपचे पाय मोडतात, सॉकेट सैल होतात. शक्य तिथे यंत्र चालू असतानाच त्याच्याच एखाद्या प्रोग्रामने रॉम वाचून घ्यावी, हे म्हणणे मला मान्य आहे. पण तेवढ्याने नेहमी भागत नाही. १९८१ च्या बीबीसी मायक्रोची १६ किलोबाइटची ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम पाहा. तिच्यातील ७६८ बाइटांच्या पत्त्यांवर प्रत्यक्षात बाह्य साधनांचे नियंत्रण येते, त्यामुळे चालू यंत्रातून तेवढा भाग दिसतच नाही. चिप बाहेर काढून वाचल्यावर त्या जागी यंत्र घडवण्यास हातभार लावणाऱ्यांचे आभार मानणारा मजकूर आणि त्यांची नावे सापडतात. यंत्रातून वाचलेली रॉम पूर्ण आहे असे गृहीत धरता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मॅकिंटॉश एसईच्या रॉममध्ये तिच्या निर्मात्यांची छायाचित्रेच साठवलेली आहेत आणि तीही रॉम बारकाईने तपासल्यावरच २०१२ मध्ये पुन्हा उजेडात आली.

वाचनाची पद्धतही सैल असून चालत नाही. एकदा वाचले आणि फाइल तयार झाली म्हणजे काम झाले, असे नाही. भार झिरपू लागलेल्या ईप्रॉममध्ये काही बिट काठावर असतात. ते एका वाचनात शून्य आणि दुसऱ्यात एक दिसतात. म्हणून तीच चिप अनेकदा, पुरवठ्याचा व्होल्टेज किंचित बदलूनही वाचावी, सर्व वाचने एकमेकांशी ताडून पाहावीत, रॉममध्येच बेरजेची तपासणी ठेवलेली असल्यास ती करावी, आणि अंतिम फाइलचा हॅश (तिच्यातल्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला ओळखीचा आकडा) नोंदवून तो इतरत्र वाचल्या गेलेल्या त्याच आवृत्तीशी जुळतो का ते पाहावे. १९९७ पासून चालत आलेल्या मेम या इम्युलेटर (जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकावर हुबेहूब करणारा प्रोग्राम) प्रकल्पाने हजारो रॉमचे हॅश जाहीर ठेवले आहेत आणि ज्या रॉम सदोष वाचल्या गेल्या किंवा वाचल्याच गेलेल्या नाहीत त्यांवर तशी खूणही केली आहे. आपल्याकडे नसलेल्याचीही यादी ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा मोठमोठ्या संग्रहालयांच्या सूचींत क्वचित दिसतो. ज्या चिपचे पाय वाचू देत नाहीत त्यांचे आवरण आम्लाने उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन बिट मोजण्यापर्यंत काहींनी मजल मारली आहे. ८०८६ प्रोसेसरच्या पोटातला प्रत्येकी २१ बिटांच्या ५१२ सूक्ष्म आज्ञांचा मायक्रोकोड २०२० मध्ये असाच उलगडला गेला. हा शेवटचा उपाय आहे, कारण त्यात ती चिप जाते.

यात कायद्याची अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. रॉममधली आज्ञावली हा यंत्राचा सुटा भाग आहे की लिहिलेली कृती, हा प्रश्न ॲपल आणि फ्रँकलिन या कंपन्यांच्या खटल्यात अमेरिकेत विचारला गेला. फ्रँकलिनने ॲपल २ शी जुळणारे यंत्र काढताना आज्ञावली जवळपास जशीच्या तशी घेतली होती, इतकी की ॲपलच्या एका प्रोग्रामरचे नावही तिच्यात तसेच राहिले होते. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की चिपमध्ये असली तरी ती प्रताधिकाराने संरक्षित आहे. आयबीएमने आपल्या बायोसची संपूर्ण असेंब्ली यादी तांत्रिक पुस्तिकेत छापली होती, पण छापणे म्हणजे नक्कल करण्याची मुभा नव्हे. म्हणूनच कॉम्पॅकसारख्या कंपन्यांना यादी वाचणारे आणि नवा बायोस लिहिणारे असे दोन वेगळे गट ठेवून तेच काम नव्याने लिहून काढावे लागले. त्या काळच्या स्पर्धेत हे संरक्षण न्याय्य होते. परंतु अमेरिकी कायद्यानुसार १९८१ मध्ये कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या या बायोसवरचा हक्क २०७६ च्या अखेरपर्यंत राहतो, आणि एवढा काळ कोणतीही ईप्रॉम वाट पाहील असे मला वाटत नाही. ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालये यांना जतनासाठी सॉफ्टवेअरवरची कुलपे ओलांडण्याची मर्यादित सवलत तिथे २०१८ मध्ये मिळाली. खासगी संग्राहक तिच्या बाहेरच आहेत, आणि जुनी यंत्रे मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडेच आहेत.

हक्कधारकांनी मनात आणले तर मार्ग निघतो, हेही दिसले आहे. सिंक्लेअरच्या संगणकांचे हक्क १९८६ मध्ये विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड या कंपनीने पुढे सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या संगणकाच्या रॉम इम्युलेटरबरोबर वाटण्यास परवानगी दिली. प्रताधिकार स्वतःकडे ठेवूनही ही परवानगी देता आली. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या, २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिक आणि २०२५ मध्ये ६५०२ प्रोसेसरसाठीचे बेसिक मुक्त परवान्याखाली खुले केले. यांचे स्वागत करताना एक बाब नजरेआड होऊ नये. जीडब्ल्यू-बेसिकच्या खुल्या झालेल्या संचात पडदा, कीबोर्ड आणि इतर साधनांशी बोलणारे यंत्रनिहाय भाग नव्हते, कारण ते ज्या त्या उत्पादकाचे होते. तो संच चालता करण्यासाठी हौशी मंडळींना ते भाग नव्याने लिहावे लागले. सीपी/एमबाबत जे राखीव ट्रॅकमुळे घडते तेच इथे मालकीमुळे घडले, आणि दोन्हीकडे गळाला तो सर्वांत खालचा थर. जगभरातला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, एकत्र करण्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर हेरिटेजसारख्या मोलाच्या उपक्रमातही ज्याचा सोर्स कोड उपलब्ध आहे तेच येणार. चाळीस वर्षांपूर्वीच्या बहुसंख्य रॉमबाबत चिपमधले बाइट एवढाच पुरावा शिल्लक आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील यंत्रांविषयी दोन वाक्ये लिहितो, कारण त्यांना अजून कोणी जुने म्हणत नाही. त्यांचा बायोस फ्लॅश चिपमध्ये असतो आणि वापरणाऱ्यालाच बदलता येतो. त्यामुळे कारखान्यातून निघालेली मूळ आवृत्ती यंत्रात आहे याची खात्री नसते आणि सुधारित आवृत्त्या ज्या संकेतस्थळांवर होत्या ती बंद झालेली असतात.

लेखकाने जुन्या यंत्रांची सूची कशी करावी याचा एक नमुना दिला आहे आणि पुढील भागात तो विस्ताराने देण्याचे आश्वासन दिले आहे. त्या नमुन्यात यंत्राचे नाव, वर्ष, अनुक्रमांक आणि स्थिती एवढेच रकाने आहेत. त्यात प्रत्येक रॉमचा मदरबोर्डवरील स्थानक्रमांक, चिपवर आणि चिकटपट्टीवर छापलेला मजकूर अक्षरशः, चिपचा प्रकार, आतल्या आज्ञावलीची आवृत्ती वा तारीख, वाचन कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनाने केले, किती वाचने जुळली आणि अंतिम फाइलचा हॅश काय, हे रकाने जोडावेत. डिस्क ड्राइव्ह, प्रिंटर आणि विस्तारकार्डे यांच्यासाठीही हीच नोंद वेगळी करावी. ज्या चिप अद्याप वाचलेल्या नाहीत त्यांच्यापुढे 'वाचलेली नाही' असे स्पष्ट लिहावे. रिकामा रकाना पाहणाऱ्याला त्या चिपमध्ये काही नाही असे वाटू शकते. पुढील भाग छापण्यापूर्वी हा बदल होऊ शकला, तर आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी यंत्रे पडून आहेत त्यांना तरी नेमके काय तपासायचे ते कळेल, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक